दुसऱ्यांदा पडले ती मीच

दौंड
१२ जानेवारी २०२५

दादा,

छत्तीस वर्षांनी पत्र लिहितेय, तेव्हा वर काय लिहावं यातच अर्धा तास गेला. शेवटी दादाच लिहिलं. मला बहीण नाही असं तू म्हणालास, मला भाऊ नाही असं मी कधी म्हटलेलं नाही.

तुझा नंबर तुझ्या लेकीकडून, प्रगतीकडून मिळाला असता. पण फोन तू ठेवून दिला असतास. पत्र मात्र फोडल्याशिवाय तुला राहवणार नाही. लहानपणी तू दुसऱ्यांची पत्रंसुद्धा फोडायचास.

कामाचं सांगते. परवा मी ‘घोड्याविना डाकू’ पुन्हा पाहिला. लग्नानंतर ह्यांच्यासोबत एकदा पाहिला होता, तोही निम्मा वेळ तोंडावर पदर घेऊन. परवा खुर्चीत ताठ बसून पाहिला. इथल्या टॉकीजमध्ये मशीन चालवायचे ते फकीरभाई तुला आठवत असतील. ते वारले. त्यांच्या खाटेखालच्या पेटीत पिक्चरची रिळं निघाली. त्यांची नात मेहक पुण्यात एडिटिंगचं काम करते. तिने चार महिने खपून ती रिळं साफ केली, कॉम्प्युटरवर घेतली, आणि शेवटच्या नावांत ‘नवरी : सुलक्षणा, केंदूर’ असं वाचून शोधत शोधत माझ्या दारात आली. म्हणाली, “आजी, तुम्हीच का त्या?” मी म्हटलं, “व्हय, मीच. बस, चहा टाकते.”

तू पिक्चर पाहिलाच नाहीस असं आजवर सांगत आलास, म्हणून गोष्ट सांगते. त्या वेळी डाकूंचे पिक्चर फार चालायचे. घोडे, दऱ्याखोरी, कपाळाला टिळा, बंदुका. ह्या लोकांनी त्याचीच टर उडवली होती. टोळीला घोडे परवडत नाहीत, म्हणून डाकू सायकलींवर येतात. गावाचा चढ लागला की सगळे उतरून सायकली ढकलतात. सरदार वेशीपाशी धापा टाकत म्हणतो, “आधी पानी द्या, मग लुटतो.” गावकरी पाणी देतात, वर विचारतात, पावती फाडणार का?

खरं सांगू? निम्मा पिक्चर रद्दड आहे. गाणी संपता संपत नाहीत. तोतऱ्या शिपायाची चेष्टा केलीय तिथे परवा कुणीच हसलं नाही, मीही नाही. सरदाराची मिशी सुटायची ती तीन वेळा सुटते, एकदा पुरे होती. पण आपल्या केंदूरला घेतलेली ती बारा मिनिटं, दादा, त्यांना आजही तोड नाही. हे मी माझं आहे म्हणून म्हणत नाही. आहे माझं, पण म्हणून नाही.

नवी नवरी डोक्यावर शेणाची पाटी घेऊन गोठ्यातून निघते. समोरून डाकू. नवरी घाबरते, चिखलात पाय सरकतो, पाटी उडून सरदाराच्या डोक्यावर. मागचे डाकू सायकलींसकट एकावर एक. सगळं शांत होतं. मग नवरी उठते, पदर नीट करते, नाक वर करून राणीसारखी चालायला लागते, आणि दोन पावलांवर पुन्हा पडते. त्या दुसऱ्या पडण्याला मेहकच्या घरात जो हशा उठला तो रस्त्यापर्यंत गेला असेल. फकीरभाईंच्या पत्नी इमामबी, वय शहाऐंशी, हसता हसता खाटेवरून खाली यायच्या बाकी होत्या.

मीही हसत होते. आणि हसता हसता तू दिसलास.

मी मेहकला म्हटलं, थांबव, थोडं मागं घे. रीळ साफ झाल्यामुळे मागची माणसंही लख्ख दिसतात. डाव्या अंगाला बांधावर गाव जमलंय, त्यात दुधाची किटली पायाशी ठेवून तू उभा आहेस. पोट धरून हसतोयस. टोपी खाली पडलीय आणि तुला पत्ताही नाही. शेजाऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून हसतोयस.

त्या दिवशी तू शिरूरला होतास ना? तलाठ्याकडे, उताऱ्यासाठी? असंच सांगितलं होतंस तू आबांना. आईलाही, आणि सगळ्या भावकीला.

पुढच्या साली पिक्चर लागला, भांडगावच्या पाहुण्यांनी माझं ठरलेलं लग्न मोडलं, आणि तू भर अंगणात मला म्हणालास, “गावासमोर शेणात लोळलीस. आजपासून मला भन न्हाई.” मी त्या दिवशी खाली मान घालून ऐकलं. पुढे हौसराव स्वतः मागणी घालायला आले. रेल्वेत नवे नवे लागले होते, आणि पिक्चर चार वेळा पाहिला होता. आबांना म्हणाले, जी मुलगी अशी पडू शकते तिच्यासोबत जन्म बरा जाईल. गेलाही. पण लग्नात तू मांडवात आला नाहीस. एका भाऊबीजेला आला नाहीस. आबांच्या आणि आईच्या दहाव्याला तेवढा माझ्यापासून चार माणसं सोडून बसलास.

आणि तू हसला होतास! सगळ्या गावात तुझ्याइतकं कुणी हसलं नव्हतं, पडद्यावर दिसतंय.

आता तुझं म्हणणं कळव. पत्ता पाकिटामागे आहे.

सुलक्षणा

दौंड
२ फेब्रुवारी २०२५

दादा,

उत्तर आलं नाही. प्रगतीने सांगितलं की पत्र तू दोनदा वाचलंस आणि बंडीच्या खिशात ठेवलंस. ठीक आहे. फाडलं नाहीस.

गेल्या पत्रात मी तुला पकडलं म्हणून मोठ्या तोऱ्यात होते. मेहकने मोबाईलवर दिलेलं ते चित्र ह्यांना दहा वेळा दाखवलं, बघा माझा भाऊ. अकराव्या वेळी हे म्हणाले, “अगं, तो तिथं व्हता, म्हंजी त्यानं समदं बघितलं. मग तुझ्या आबाला खरं का न्हाई सांगितलं त्यानं?”

मी म्हटलं, खरं म्हणजे काय? आणि मोबाईल पालथा ठेवला.

कारण खरं काय ते मी ह्यांनाही लग्नानंतर वीस वर्षांनी सांगितलं होतं. तुला आज लिहून देते. तुला ते माहीत आहे, तरी माझ्या हाताने लिहिलेलं असावं.

त्या दिवशी संध्याकाळी मी डोक्यापासून पायापर्यंत भरून घरी आले. आबांना आधीच कुणीतरी सांगितलं होतं. ते काठी घेऊन ओट्यावर बसले होते. मी रडत म्हटलं, “मी शेन घेऊन रानात चालले व्हते, पाय घसरला, त्यांनी गुपचूप शूटिंग घेतलं.” आईने लगेच जवळ घेतलं. बांधावरच्या गावाने सगळं पाहिलं होतं, पण आबांच्या काठीसमोर खरं सांगायला कुणी पुढे आलं नाही. आबा उठले ते सरळ पिक्चरवाल्यांच्या तंबूत गेले. चारचौघांत त्या दिग्दर्शकाला नाही नाही ते बोलले. पोरीबाळींचं असं चोरून घेता, लाज नाही? दुसऱ्या सकाळी त्यांचा ट्रक गावाबाहेर. जाताना तो माणूस आपल्या घरावरून गेला. मी दारात होते. त्याने माझ्याकडे पाहिलं, काहीच बोलला नाही. तोंड उघडलं असतं तर मी उघडी पडले असते. त्याने शिव्या खाल्ल्या आणि गेला.

घसरले कसली, दादा! त्यांची पुण्याहून आणलेली बाई चिखल बघून म्हणाली, मी ह्यात उतरणार नाही. सगळे डोक्याला हात लावून बसले. मी गर्दीतून पुढे झाले आणि म्हटलं, मी पडते. त्यांनी पीठ कालवून शेण केलं होतं, मी म्हटलं हे शेणासारखं हलत नाही, थांबा, आणि आपल्या गोठ्यातून पाटी भरून आणली. पहिलं पडणं त्यांनी सांगितलेलं. दुसरं माझं. उठून ऐटीत चालायचं आणि पुन्हा पडायचं, हे मीच सुचवलं. तो म्हणाला, कर बघू. केलं. कॅमेऱ्यामागचा माणूस हसून हसून खाली बसला, ते चित्र फुकट गेलं. पुन्हा केलं. मग पुन्हा. प्रत्येक वेळी साडी बदलायची, विहिरीवर अंग धुवायचं, परत चिखलात.

त्यात एक गोष्ट मला तिथेच उमगली. पडताना आपण पडणार आहोत हे अंगाला कळता कामा नये. शेवटपर्यंत चालायचंच आहे असं समजून चालायचं. मला ते जमत होतं. एकोणीस वर्षांत मला कुणी ‘हे तुला जमतं’ असं म्हटलं नव्हतं. त्या दुपारी चाळीस माणसं म्हणाली.

आणि घरी येऊन मी घसरले म्हणून सांगितलं.

तू बांधावर होतास. तू हे सगळं पाहिलंस. मी आबांसमोर खोटं रडत होते तेव्हा तू किटली घेऊन दाराशी उभा होतास, ते मला आता आठवतंय. तू एक शब्द बोलला असतास तर ती काठी माझ्या पाठीत बसली असती. तू बोलला नाहीस. त्या वेळीही नाही, नंतर भांडण झालं तेव्हाही नाही. मी छत्तीस वर्षं तुझा राग धरला आणि हे माझ्या लक्षात आलं नाही.

अंगणात जे बोललास ते मी माफ केलेलं नाही. पण हे तुझ्या नावावर आहे, ते मान्य करते.

९ मार्चला, रविवारी संध्याकाळी पाच वाजता, शिरूरला कॉलेजच्या हॉलमध्ये मेहक पिक्चर दाखवणार आहे. मला स्टेजवर बोलावलंय. मी जाणार, नवी साडी घेतलीय. ये असं म्हणत नाही. केंदूरहून शिरूर किती लांब ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

सुलक्षणा

दौंड
१० मार्च २०२५

दादा,

काल तू ओरडलास आणि पळालास. हा तुझा जुना स्वभाव. म्हणून पुढचं मला लिहावं लागतंय.

हॉल भरेल असं मला वाटलं नव्हतं. खुर्च्या संपल्या, पोरं पायऱ्यांवर बसली. सायकली ढकलणारे डाकू आले तेव्हाच मला कळलं, आज जमलं. तोतऱ्या शिपायाच्या वेळी हॉल गप्प. गाण्यात लोक मोबाईल बघायला लागले. आणि मग ती बारा मिनिटं. मी पडद्याकडे पाहिलंच नाही, वळून लोकांची तोंडं पाहत बसले. पहिल्या पडण्याला हसले. नवरी उठली, पदर नीट केला, तेव्हा एक बाई मोठ्याने म्हणाली, “बया, आता नको पडू!” आणि ती पडली. दादा, तीनशे माणसं एकदम. माझ्या अंगावर काटा आला.

मागे तू आहेस हे तेव्हा मला माहीत नव्हतं. मी साडेचारला दारात उभी होते, पाचपर्यंत होते. तू नाहीस म्हणून आत गेले आणि ठरवलं, येवो न येवो, मी आज खरं बोलणार.

मेहकने माईक हातात दिला. पहिल्याच पोरीने विचारलं, “आजी, तुम्ही खरंच घसरला होता असं म्हणतात. अपघाताने शूट झालं म्हणे?”

म्हणजे माझं खोटं सदतीस वर्षं गावात फिरून इतक्या लांब आलं होतं. मी म्हटलं, “न्हाई. मी घसरले न्हाई. मी पडले, माझ्या मर्जीनं पडले. दुसरं पडनं तर माझ्याच डोक्यातलं. घरी मार पडंल म्हणून खोटं सांगितलं, आन् त्यापायी एका भल्या माणसानं शिव्या खाल्ल्या. तो आता हयात न्हाई. म्हणून तुमच्यासमोर सांगते. तो चोर नव्हता. मी पाच वेळा पडले तवा ते चित्र मिळालं.”

मेहक माईक घ्यायला पुढे आली. आणि पार मागून तुझा आवाज आला,

“सहा येळा! पाच न्हाई. म्या मोजल्यात!”

आधी कुणाला काही समजेना. मी स्टेजवरूनच ओरडले, “पाच!” तू म्हणालास, “पयल्याला सरदाराची मिशी शेनात हरवली, ती शोधत बसले समदे. ती धरून सहा!” आणि मग हॉल असा हसला की तसा पिक्चरलाही हसला नव्हता. मी माईक धरून उभी, हसता हसता डोळ्यांतून पाणी. मेहक विचारते, आजी, हे कोण? मी म्हटलं, माझा थोरला भाऊ. मोठ्याने म्हटलं, माईकवर.

मी खाली उतरून मागे येईपर्यंत तू गेला होतास. दारातला माणूस म्हणाला, मोटरसायकलला किक मारून गेले.

तुझं खरं आहे. मिशीचं मी विसरले होते. सहाच.

आता ऐक. तू लग्न मोडल्यावर जे बोललास ते का बोललास, हे मला अजून कळलेलं नाही. ज्या माणसाने मोजत बसून मजा पाहिली, घरी माझं झाकलं, तोच माणूस वर्षभराने तसं बोलतो, हे माझ्या हिशेबात बसत नाही. तेवढं सांग. खोटं सांगू नकोस, आपल्या घरात ते खूप झालं.

सुलक्षणा

केंदूर
१९ मार्च २०२५

सुले,

मी काय तुझ्यागत लिव्हणारा न्हाई. डेअरीच्या वहीपलीकडं हातानं कवा काय लिव्हलं न्हाई. प्रगती म्हनली, मी टाईप करून देते. म्हनलं नको, हे माझं मलाच लिवू दे.

पिक्चर मी पाह्यला हुता. दौंडला, लागला त्याच आठवड्यात. घरी सांगितलं पेंड आनायला जातो. मला बघायचं व्हतं पडद्यावर कसं दिसतं ते. तू पडलीस तवा समदी टॉकीज हासली, मी बी हासलो. मला लई ग्वाड वाटलं. शेजारच्याला सांगावं असं झालं, ही माझी भन हाय.

तेवढ्यात माझ्या मागल्या बाकावरचा एक जन तुझ्याबद्दल घान बोलला. वल्या लुगड्याबद्दल. काय बोलला ते लिव्हत न्हाई. त्याच्याबरुबरची मान्सं हासली. मी त्या टायमाला उठून त्याच्या कानाखाली द्यायला पायजे व्हती. माझ्या अंगात ताकद व्हती, रोज दोन दोन कॅन उचलायचो. पन मी उठलो न्हाई. कुनी वळखंल म्हणून मान खाली घालून बसलो. पिक्चर सुटस्तोवर तसाच बसलो, आन् समदी गेल्यावर उठलो.

मंग भांडगावचे पाव्हने आले. त्यांनी मला इचारलं, पोरगी घसरली का मुद्दाम पडली, तुमी व्हता का? म्या म्हनलं, मी शिरूरला व्हतो. तुझ्या बाजूनं बोलनारा एकच मानूस व्हता, तो बी शिरूरला गेलेला.

ते गेले आन् मी अंगनात तुला बोललो. जे त्या टॉकीजमधल्या मानसाला बोलायचं व्हतं ते तुला बोललो. तू खाली मान घालून ऐकलंस. तशी तू कवा ऐकनारी न्हाईस, म्हणून मला अजून वाईट वाटलं, आन् वाईट वाटलं म्हणून अजून मोठ्यानं बोललो. मंग जेवढी वरसं गेली तेवढं तोंड दाखवनं अवघड झालं. लग्नाच्या दिवशी मी मांडवाच्या मागं पान्याच्या टाकीपाशी व्हतो. जेवलो बी न्हाई.

माफ कर म्हनत न्हाई. तू लिव्हलंस केलं न्हाई म्हणून, ते बराबर हाय. पन हौसरावांना घेऊन ये. रामनवमीला यात्रा हाय तवा नको, लई गर्दी असती, नीट बोलनं व्हनार न्हाई. त्याच्या आदल्या आठवड्यात ये. तुझी वहिनी रोज इचारती.

काल सकाळी डेअरीवर दूध घालायला समदी जमली व्हती. शिरूरच्या हॉलमधला व्हिडिओ गावात पोचलाय. सरपंच मोबाईल घेऊन माझ्यापाशी आला. चार मान्सं डोकावून बघत व्हती. एक जन म्हनला, “बापू, ही बाई घसरली कशी बगा.”

मी कॅन खाली ठिवला. म्हनलं, “घसरली न्हाई. ती पडलीया. माझी भन हाय ती, आन् असं पडायला काम यावं लागतं. पुन्यांदा लाव, मी दावतो तुमाला.”

बापू